परीक्षा दालनातला पहिला अर्धा तास

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांचा मथळा जवळजवळ ठरलेला असतो: कोकण विभाग राज्यात अव्वल. २०२४ साली कोकणचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के, त्या दोन वर्षांत राज्याचा निकाल अनुक्रमे ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या या विभागाचा आम्हा शिक्षकांना अभिमान आहे. मात्र इतके उंच आकडे पाहून घाटावरचा एखादा परिचित मिश्कील हसतो, तेव्हा त्या हसण्याला उत्तर देता येण्याजोगी जागा एकच असते आणि ती म्हणजे परीक्षेचे दालन, जिथे साधारण पंचवीस मुले आणि एक पर्यवेक्षक तीन तास एकत्र असतात.

पर्यवेक्षण म्हणजे कॉपी पकडणे, असा समज शिक्षकांमध्येही रुजलेला आहे. अचानक येणारे भरारी पथक आणि केंद्रावरच थांबणारे बैठे पथक यांचे काम बऱ्याच अंशी ते असेलही. दालनातील पर्यवेक्षकाचे बहुतेक काम मात्र ज्या मुलाने आयुष्यात कधी चिठ्ठी बाळगली नाही त्याच्यासाठी असते, आणि त्यातील मोठा भाग प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधीच उरकलेला असावा लागतो.

सकाळच्या सत्रात मुले साडेदहाला दालनात येतात. त्यानंतरच्या अर्ध्या तासात प्रवेशपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा जुळतो का हे पाहायचे असते, बाकावरचा बैठक क्रमांक तपासायचा असतो, दप्तरे आणि मोबाइल बाहेर ठेवून घ्यायचे असतात, आणि अकराला दहा मिनिटे कमी असताना उत्तरपत्रिका द्यायच्या असतात. खरी जोखीम उत्तरपत्रिकेवर चिकटवायच्या, प्रत्येक मुलाच्या वेगळ्या बारकोडच्या स्टिकरची आहे. मधला एखादा विद्यार्थी गैरहजर असेल आणि पर्यवेक्षक क्रमाने स्टिकर वाटत सुटला, तर एका रिकाम्या बाकामुळे पुढच्या सगळ्या रांगेचे स्टिकर एकेकाने सरकतात. म्हणून गैरहजर मुलांचे स्टिकर आधी बाजूला काढावेत, आणि चिकटवण्यापूर्वी प्रत्येक मुलाला स्वतःचा क्रमांक मोठ्याने वाचायला लावावा. फेब्रुवारी-मार्चच्या दमट हवेत घामेजलेल्या बोटांनी वाकडा चिकटलेला स्टिकर ओरबाडून काढण्याचा प्रयत्न मुले हमखास करतात; तिथेच त्यांना थांबवावे. प्रश्नपत्रिकांचे पाकीट दालनातच, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडायचे असते. ही सही उपचार म्हणून उरकली जाते, याचे मला वाईट वाटते. पाकिटाचे सील आणि त्यावरील विषय त्या दोघांना नीट पाहू द्यावा, कारण प्रश्नपत्रिका आधी फुटली नव्हती याचे साक्षीदार तेच असतात.

डुगडुगणारा बाकही याच वेळेत बदलावा. ‘सर, बाक हलता,’ असे मूल एकदाच सांगते. दुर्लक्ष झाले तर पुन्हा सांगत नाही.

पेपर सुरू झाल्यावर पर्यवेक्षकाने वर्गाच्या मागच्या बाजूला अधिक काळ उभे राहावे, कारण आपण कुठे पाहतो आहोत हे मुलांना दिसत नाही. खुर्चीत बसून वर्तमानपत्र चाळणे किंवा शेजारच्या दालनातील सहकाऱ्याशी दारात गप्पा मारणे वाईटच. पण एखाद्या हुशार मुलाच्या मागे थांबून त्याचे उत्तर वाचणे आणि नकळत भुवया उंचावणे हे त्याहून वाईट, कारण ते मूल पुढची दहा मिनिटे बरोबर उत्तर खोडण्यात घालवते. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे बोटांच्या खुणांनी फिरतात. निबंध असा फिरत नाही, त्यामुळे लक्ष कुठल्या वेळी जास्त द्यायचे हे प्रश्नपत्रिकाच सांगते.

कोकणातील खरी अडचण ओळखीची आहे. शाळा लहान असतात, चार-पाच गावांतील मुले एका केंद्रावर येतात, आणि पर्यवेक्षकाला निम्म्या मुलांच्या वाड्या आणि घरे ठाऊक असतात. ‘जरा सांभाळून घ्या’ हे वाक्य लाच म्हणून उच्चारले जात नाही. ते मायेने येते, आणि म्हणूनच नाकारणे अवघड जाते. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२५ साली ही परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाने पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांतील कर्मचारी नेमण्याचा निर्णय घेतला. त्यावर शिक्षकांतून नाराजी उमटली. मला मात्र तो निर्णय शिक्षकांच्याच सोयीचा वाटतो, कारण अनोळखी पर्यवेक्षकाकडे कोणी मायेची मागणी करत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेत ही माया सर्वांत महाग पडते. एका पेपरात दीड तासात पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण आणि शेवटी गुणवत्ता यादी. तिथे कुजबुजून सांगितलेले एक उत्तर दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यातील मुलाला यादीत खाली ढकलते, आणि ते मूल आपल्याला कधी दिसतही नाही.

शिमग्याचा प्रश्न खास आमचा. होळी मार्चमध्ये येते, परीक्षाही त्याच सुमारास असते, आणि पालखी शाळेच्या रस्त्याने निघाली की ढोल दालनात ऐकू येतात. गावकरी बहुधा समंजस असतात. केंद्रसंचालकाने मानकऱ्यांना आधी भेटून वेळापत्रक दिले, तर पेपर सुटेपर्यंत ढोल थांबतात. ऐन वेळी खिडक्या लावून घेणे हा उपाय नव्हे; त्या उकाड्यात मुलांना लिहिणे अशक्य होते.

२०२३ पासून पेपर वाचण्यासाठी आधी मिळणारी दहा मिनिटे बंद झाली आणि ती शेवटी जोडली गेली. त्या दहा मिनिटांत पुरवण्या बांधण्याची घाई करू नये, मुलांना लिहू द्यावे. वेळ संपल्यावर सर्वांना जागेवर बसवून, उत्तरपत्रिका बैठक क्रमांकाच्या क्रमाने गोळा करून आणि संख्या जुळवूनच दालन सोडू द्यावे. लेखनिक घेतलेल्या दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, आणि बाहेर कलकलाट सुरू झाला की त्याच्या खोलीतील पर्यवेक्षकही घड्याळाकडे पाहू लागतो. केंद्रसंचालकाने त्या वेळी स्वतः व्हरांड्यात उभे राहून मुलांना फाटकाबाहेर काढावे.