चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई

अलिबागहून दक्षिणेला साधारण १७-१८ किलोमीटरवर रस्ता जुन्या तटबंदीतून आत शिरतो. रेवदंडा गाव किल्ल्याच्या पोटातच वसलंय. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, घरं, आणि झाडांच्या वर डोकावणारा सातखणी मनोरा. तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा.

हे अवशेष पाहून वाटतं, पोर्तुगीजांनीच हे बंदर वसवलं असावं. पण ते आले भरल्या बाजारात. शेजारचं चौल तेव्हाच दीड हजार वर्षांचं होतं. कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत ‘चेमुल’च्या, म्हणजे चौलच्या, दात्यांचे उल्लेख आहेत. दहाव्या शतकात, शिलाहारांच्या राज्यात, अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला तेव्हा सुमारे १०,००० मुसलमान इथे राहत होते. पुढे पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरात उतरला आणि घोडा घेऊन जुन्नरकडे गेला. चौलच्या रामेश्वर मंदिराच्या पुष्करणीकाठी बसून मी हा क्रम पुन्हा मनात लावत होते. पोर्तुगीजांचं प्रकरण त्यात बरंच उशिरा येतं.

आलं ते मात्र रक्त सांडत. १५०८ साली इजिप्तच्या आणि दीवच्या आरमारांनी मिळून त्यांना चौलजवळ गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याला कोट उभा राहू लागला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने चौलला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. दोन्ही ठाणी टिकली.

कुंडलिकेच्या मुखाशी, खाडीपलीकडे, कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलाय. दीपगृहापासून चढलं की अरुंद, लांबलचक किल्ला लागतो. आडव्या भिंतींनी त्याचे कप्पे पाडलेत, म्हणजे एक पडला तरी पुढचा लढवता यावा. वरून खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, आणि निजामशहाने पोर्तुगीजांना इथे बांधकाम का करू दिलं नाही ते लगेच समजतं. त्याने किल्ला स्वतःच बांधला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला.

मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौलही त्यांच्याकडे आलं. पोर्तुगीज अधिकारी, पाद्री, पैसेवाले निघून गेले. कोर्लईत राहिली ती कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबं. त्यांची पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही गावात आहे. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. चर्चजवळ एक मावशी नातवाशी बोलत होत्या, तेव्हा मी थांबून ऐकत राहिले. शब्द अनोळखी, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी! शेजाराने पावणेतीनशे वर्षांत वाक्याची घडणच बदलून टाकलीय. नातू उत्तर देत होता मराठीत.

मला या सबंध किनाऱ्यावरची ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, सातखणीपेक्षाही. पर्यटक दीपगृह बघून परत फिरतात. मुलं मराठी शाळेत जातात, पुढे नोकरीला मुंबई गाठतात. भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीचा अभ्यास केलाय, पण बहुतेक इंग्रजीत. तिचा एक मराठी कोश व्हायला हवा, आणि या मावशींच्या पिढीचे आवाज आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हवेत. रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम हाती घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.