अडतीस डॉलर आणि गाबोळी

सहलीच्या तारखा नवऱ्याने ठरवल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कोणाच्या खात्यावर मांडायचं ते कळेल.

जानेवारीत मिनियापोलिसमध्ये घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा माणसं एकतर फरशी बदलतात नाहीतर सहली आखतात. आमच्या घरात एक्सेल उघडलं गेलं. बाउंड्री वॉटर्स म्हणजे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला चिकटून असलेलं दहा लाख एकरांहून मोठं जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तळी. बहुतेक तळ्यांवर इंजिनाची होडी चालत नाही. वल्हवायचं, आणि तळं संपलं की होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. १ मे ते ३० सप्टेंबर रोज ठरावीक गटांनाच आत सोडतात. माणशी १६ डॉलर आणि वर आरक्षणाचे ६. १ ऑक्टोबरपासून मात्र परवान्याचा कागद आपला आपण भरायचा, फुकट.

"अगं, अडतीस डॉलर वाचतात. शिवाय गर्दी नाही, डास नाहीत," तो म्हणाला. मीही मान डोलावली. डासांचं मला पटलं होतं.

माझं माहेर रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. आजोबा संध्याकाळी गरी घेऊन धक्क्यावर बसायचे आणि मी शेजारी. त्यामुळे मासे गरवणं माझ्याकडे, वल्हवणं आणि नकाशा त्याच्याकडे. सामानात मालवणी मसाला, रवा, आगळाची छोटी प्लास्टिकची बाटली, तांदूळ आणि मुगाची डाळ. हापूसच्या रसाचा डबाही घेतला होता, पण आत पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. तो डबा चार दिवस गाडीतच राहिला.

डुलूथमार्गे ग्रँड मरे आणि तिथून गनफ्लिंट ट्रेलचे ५७ मैल. वाटेत मूस, म्हणजे इथलं थोराड हरीण, दिसतो म्हणतात. आम्हाला नाही दिसला. रस्त्याच्या शेवटी सीगल लेक.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वारा समोरून होता, मी पुढे बसून भिजले आणि आम्ही भांडलो. दुसऱ्या दिवशी अल्पाईन लेकला जायचं म्हणून होडी उचलली. इथे अंतर रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण होडीच्या लांबीएवढा. आमची वाट शंभर रॉडांच्या आसपास होती. कागदावर हे अर्ध्या किलोमीटरच्या घरात येतं. होडीच्या मधोमध लाकडी जू असतं, बैलाच्या मानेवर असतं तसंच. ते खांद्यावर घेऊन नवरा चालायला लागला की कमरेवरचा माणूस गायब होतो आणि होडीला दोन पाय फुटलेले दिसतात. मला हसू आवरेना. मग परतीच्या दिवशी त्याने ते जू माझ्या खांद्यावर ठेवलं. तेव्हापासून बैलांबद्दल माझं मत बदललं आहे.

मुक्कामाच्या जागी एक लोखंडी चूल असते आणि मागे झाडीत शौचाला एक आसन. आसन म्हणजे नुसतं आसन: भिंती नाहीत, दार नाही, समोर थेट जंगल. मला कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं.

आम्हाला हवा होता वॉलआय. पांढरं, गोडसर मांस, काटे कमी. रव्यात घोळवून तळला की जिताड्याची आठवण यावी असा. पण या दिवसांत तळं पलटतं. उन्हाळाभर ऊन पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर असतात. थंडी पडली की वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि सगळं एकजीव होतं. मग मासे अमुक खोलीवर मिळतील हा हिशेब संपतो, ते कुठेही असतात. म्हणजे आमच्यासाठी कुठेच नव्हते. दोन दिवसांत गरीला लागलं ते शेवाळ आणि नवऱ्याची टोपी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पडला. बर्च पिवळेधमक, टॅमरॅक सोनेरी व्हायला लागलेला आणि पाण्यावर एकच करडा लून, हा इथला पाणपक्षी. थोरले आधी दक्षिणेला निघून जातात, पिल्लं मागून आपली आपण जातात. मुक्कामाजवळ दगडांचं एक टोक पाण्यात घुसलं होतं. तिथून मी चमचा फेकत होते. माशाला भुलवायचा हा पितळी तुकडा खरोखरच चमच्यासारखा असतो आणि इथे त्याला चमचाच म्हणतात.

सहाच्या सुमाराला दोर ताणला गेला. जोर असा, की मला वाटलं दगडात अडकला, आणि मग दगड चालायला लागला. दहा मिनिटांनी काठाला आला तो वॉलआय नव्हता. गडद हिरवट अंगभर फिक्या रंगाचे ठिपके, पोटाकडचे पर केशरी आणि त्यांना पांढरी कड, शेपटी मधोमध खाचलेली. लेक ट्राउट. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांबी, आणि वर थोडी.

मी ओरडले, "अरे, रवा काढ!"

तो आला, बघितलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, "ट्राउटचा हंगाम तीस सप्टेंबरला संपतो."

हे त्याला माहीत होतं. एक्सेलमध्ये त्याचा वेगळा रकाना होता. वॉलआयसाठी आलोय, ट्राउट कशाला लागेल, असं त्याने धरलं होतं.

मी हात ओले करून मासा पाण्यातच धरला आणि तो पकडीने गळ सोडवायला लागला. तेवढ्यात माझ्या बोटांवरून काहीतरी घरंगळलं. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे पिवळसर केशरी दाणे. गाबोळी. मादी होती, आणि पिकलेली. या दिवसांत माद्या रात्रीच्या वेळी वाऱ्याच्या माऱ्यातल्या दगडगोट्यांवर येऊन अंडी सोडतात. घरटं वगैरे नाही, दगडांच्या फटींत अंडी पडतात आणि थंडीभर बर्फाखाली राहतात. मी नेमकी तिच्या बाळंतिणीच्या खोलीत उभी होते.

खरं सांगते, तरीही माझ्या डोक्यात तवा तापत होता. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ती कशासाठी हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. आणि तळलेल्या गाबोळीच्या शेवटच्या तुकड्यावरून आम्ही भावंडं एकमेकांना चावलेलो आहोत. ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आली नव्हती. आजूबाजूला माणूस नव्हता, विचारणारं कोणी नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मुद्दाम लूनकडे बघत होता.

गळ निघाला होता. मासा हातात तसाच, कल्ले उघडमीट करत. मी सोडला असं म्हणवत नाही. मी घट्ट धरला नाही, एवढंच. शेपटीचा एक फटका, माझ्या तोंडावर बर्फासारखं पाणी, आणि दगडांमधून काळी सावली खाली. चार-पाच दाणे बोटांना चिकटून राहिले होते, ते पाण्यात हात घालून धुतले.

रात्री मुगाची खिचडी. मसाला त्यातच घातला. नवरा म्हणाला, "छान झालीय," आणि मी उत्तर दिलं नाही. तंबूवर पहाटे दहिवराचा पातळ बर्फ होता. उरलेल्या दिवसांत एक काटेरी पाईक मिळाला, तो खाताना कोणी बोललं नाही, काट्यांमुळे.

ग्रँड मरेला फोनला रेंज आली तशी आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"गाबोळीची होती?"

"हो."

"आणि सोडलीस?"

"सुटली गं."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग, "बरं. मग जेवलात काय?"