जानेवारीतल्या काझासाठी कूलंट: निवड, प्रमाण आणि भरण्याची पद्धत

हिवाळ्यात स्पितीला गाडी न्यायची म्हटलं की बहुतेक जण टायरच्या साखळ्यांची चौकशी आधी करतात. मी रेडिएटरपासून सुरुवात करतो. शिमला, रेकाँग पिओ, नाको या बाजूचा रस्ता हिवाळ्यातही बराच काळ चालू असतो, पण स्पितीतल्या काझा गावात रात्री पारा उणे २० ते उणे २५ अंशांपर्यंत उतरतो. पुण्या-नाशिकच्या गाडीत भरलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणारा द्रव, त्या थंडीच्या हिशेबानं भरलेलंच नसतं. आपल्याकडे त्याचं काम गंज रोखणं आणि उकळी लांबवणं एवढंच. कित्येक बाटल्यांवर एकास तीन असं प्रमाण छापलेलं असतं, म्हणजे एक भाग कूलंट, तीन भाग पाणी: २५ टक्के. ते साधारण उणे १२ अंशांपर्यंत तग धरतं. त्यात वर्षभर नळाच्या पाण्याची भर पडलेली असेल तर तेवढंही नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि मग रेडिएटरच्या नळ्या, हीटरची जाळी, कधी थेट इंजिन ब्लॉक तडकतो. ब्लॉकवरचे वेल्च प्लग (भोकांवर ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या) अशा वेळी बाहेर पडून इंजिन वाचवतात, असा समज आहे. त्यावर विसंबू नये.

रंग पाहून काहीही ठरवायचं नाही. हिरवं, गुलाबी, निळं हा फक्त रंग आहे आणि प्रत्येक कंपनी तो आपल्या मर्जीनं घालते. मी रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, म्हणजे द्रवाच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारी छोटी दुर्बिणीसारखी नळी. आधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाकून रेष शून्यावर आणायची, काच पुसायची, मग इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडातून घेतलेले दोन थेंब टाकायचे. कडेच्या रिझर्व्ह बाटलीतला नमुना फसवतो, कारण वरून ओतलेलं पाणी तिथेच राहतं आणि आतल्याशी नीट मिसळत नाही. पट्टी एथिलीन ग्लायकॉलचीच वाचायची; कूलंटमध्ये गोठणं रोखणारा मुख्य द्रव तोच. प्रॉपिलीन ग्लायकॉलची पट्टी शेजारी असते आणि तिचे आकडे वेगळे. एक मर्यादा मात्र आहे: हे यंत्र ग्लायकॉल किती ते सांगतं, गंजरोधक शिल्लक आहे का ते सांगत नाही. उणे ३५ दाखवणारं कूलंटही पाच वर्षं जुनं असेल तर मी ते काढूनच टाकतो.

एथिलीन ग्लायकॉलचे आकडे वहीत लिहून ठेवावेत असे आहेत. ३३ टक्के म्हणजे सुमारे उणे १८, ४० टक्के म्हणजे उणे २४-२५, ५० टक्के म्हणजे उणे ३७, ६० टक्के म्हणजे उणे ५२. इथून पुढे गणित उलटं फिरतं. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त सुरक्षित’ हे खरं नाही. काझासाठी ५० टक्के पुरेसं आहे, आणि राजस्थान-पंजाबच्या मैदानातही रेडिएटर स्वच्छ असेल तर तेच मिश्रण चालतं.

आता प्रकार. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण दोन वर्षं चालतं. ऑरगॅनिक आम्लांवर आधारलेलं, म्हणजे ओएटी, पाच वर्षांच्या आसपास. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुधा फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं ओएटी लागतं. युरोपीय कंपन्या त्यांच्याकडच्या क्षारयुक्त पाण्यामुळे फॉस्फेट टाळतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पुस्तिकेत जी १३ किंवा जी १२ इव्हो असा उल्लेख असतो, आणि डब्यावरही तोच दिसायला हवा. बाकी गाड्यांसाठी पुस्तिकेतला प्रकार, आणि डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखादं मानक, एवढं पाहतो. ‘कूलंट’ म्हणून विकलं जाणारं काही नुसतं रंगीत पाणी असतं. डब्यावर एथिलीन ग्लायकॉलचा उल्लेख नसेल तर ठेवून द्या. शंका असेल तर तयार मिश्रण छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत थोडी जागा सोडून भरा, झाकण घट्ट लावा, वर पिशवी बांधा आणि रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. साधारण उणे १८ ला ५० टक्क्यांचं मिश्रण पातळच राहतं, २५ टक्क्यांचं लगदा होतं. बाटलीवर ‘विष’ लिहायला विसरू नका. ती नंतर टाकूनच द्यायची.

सिलिकेटवालं आणि ओएटी एकमेकांत मिसळू नये. कधी गाळ किंवा जेलीसारखा थर धरतो, आणि काही दिसलं नाही तरी गंजरोधक लवकर संपतं. काचेच्या बरणीत दोन्ही मिसळून रात्रभर ठेवल्यावर गढूळ झालं तर उत्तर मिळालंच. स्वच्छ राहिलं म्हणून चालेल, असा अर्थ मात्र काढू नका.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच हवं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटशी मिळून खपली धरतं, आणि क्लोराइडमुळे अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात.

सगळ्यात मोठी गफलत होते ती प्रमाणात. समजा, डिझेल एसयूव्हीची क्षमता ८ लिटर आहे. खालचा ड्रेन कॉक उघडला की ५ लिटर निघतं. उरलेलं ३ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतं. डिस्टिल्ड वॉटरनं फ्लश केल्यावर ते ३ लिटर म्हणजे जवळपास निव्वळ पाणीच. त्यावर ५ लिटर ‘रेडी’, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, ५० टक्क्यांचं ओतलं तर ८ लिटरमध्ये अडीच लिटर ग्लायकॉल, म्हणजे फक्त ३१ टक्के. डब्यावर उणे ३७ लिहिलेलं असतं आणि गाडीत उणे १७ ही धड नसतं. म्हणून फ्लश केलेल्या गाडीला मी कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंटच घेतो: आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वरचं १ लिटर डिस्टिल्ड वॉटर. ब्लॉकचा ड्रेन प्लग सहज निघत असेल तर तोही काढावा. गंजून बसला असेल तर जोर लावून मोडू नका.

आतलं कूलंट नवं आणि त्याच जातीचं असेल, फक्त पातळ असेल, तर सगळं काढायची गरज नाही. किती काढायचं? हवी ती टक्केवारी वजा आत्ताची, गुणिले एकूण क्षमता, भागिले शंभर वजा आत्ताची. ८ लिटरमध्ये ३० टक्के असेल आणि ५० हवं असेल तर २० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे सुमारे २.३ लिटर काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट भरायचं.

भरताना हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं उंच, आणि हळूहळू ओतायचं. ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत उघडा ठेवायचा. वरचा होज हातानं दाबत राहिलं की हवा सुटते. मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांबायचं. खालचा होज अचानक गरम लागतो, तीच खूण. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की हवा निघाली समजा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. हे निघायच्या आठवडाभर आधी करावं, म्हणजे रोजच्या वापरात मिश्रण एकजीव होतं आणि रिफ्रॅक्टोमीटरनं शेवटचं मोजमाप घेता येतं.

जुन्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट सापडते: थर्मोस्टॅटच नसतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून गॅरेजवाला तो काढून टाकतो. स्पितीत मग इंजिन तापमानाला येत नाही आणि हीटर कोमटच राहतो. नवा बसवा. रेडिएटर कॅपचं रबरही तपासा: काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे कॅपनं दाब धरला नाही तर कडाक्याच्या थंडीतही चढावर कूलंट उकळून बाहेर येऊ शकतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. चवीला गोड असल्यानं कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानंही मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवून, घातक कचरा घेणाऱ्या वर्कशॉपकडे द्यावं.

सोबत त्याच कूलंटचं कॉन्सन्ट्रेट किमान २ लिटर ठेवा. काझात नेमकी तीच जात मिळेल याची खात्री नाही. वाटेत होज फुटून दीड लिटर गेलं आणि हाताशी फक्त पाणी असेल तर पाणी भरून पुढे जायला हरकत नाही, पण हिशेब डोक्यात ठेवा: ८ लिटरमधलं ५० टक्के आता जेमतेम ४१ टक्के झालं, म्हणजे उणे २५ ची सीमा. मुक्कामाला पोहोचलात की इंजिन थंड होऊ द्या, दीड लिटर कॅनमध्ये काढून घ्या, तेवढंच कॉन्सन्ट्रेट भरा, आणि सगळं ढवळलं जावं म्हणून हीटर लावून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवा. मगच गाडी रात्रीसाठी बंद करा.