चाळीस रुपये वजा

जुलैचा दुसरा रविवार. बेळगावच्या शहापुरात सकाळपासून नुसती रिपरिप. असल्या दिवशी माझ्याकडं सहसा कोण फिरकत नाही. सोमवार ते शनिवार मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला असतो आणि रविवारी घरच्या माळ्यावर बसून जुने टीव्ही गेम दुरुस्त करतो. वडिलांच्या वेळी या माळ्यावर सुताचे गठ्ठे असायचे. माग विकून कितीतरी वर्षं झाली, पण पावसाळा लागला की लाकडाला अजून खळीचा वास येतो.

दहाच्या सुमारास खालून हाक आली. भिजलेला एक माणूस, चाळिशीच्या अलीकडचा, हातात बाजाराची पिशवी, मागं दहा-अकरा वर्षांची मुलगी. खानापूरकडनं बसनं आले होते. पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकात टॉवेल आणि टॉवेलात तो सेट.

"दादा, तुमीच काय टीव्ही गेमवाले? माळ्यावर वीस वर्सं पडलाता. हिला दाखवावं म्हटलं."

सेट एका नजरेत ओळखीचा. १९८३ साली जपानात निन्टेंडोचा फॅमिकॉम आला, त्याची तैवानी नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडं घरोघरी गेम म्हणून पोचला तो हाच. ६० पिनांची कॅसेट, वायरीनं जखडलेले दोन रिमोट, एक बंदूक. वरचं झाकण अर्धं पांढरं आणि अर्धं हळद लागल्यासारखं पिवळं. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घालतात, ती उजेडानं आणि वयानं अशी रंग धरतात. ब्यूटी पार्लरमध्ये केसांना लावतात ती पेरॉक्साइडची क्रीम चोपडून, प्लास्टिक फिल्म गुंडाळून उन्हात ठेवलं की बराचसा पिवळेपणा उतरतो. पण बेळगावच्या जुलैत ऊन आणायचं कुठनं? शिवाय मला स्वतःला तो पिवळा रंग काही वाईट वाटत नाही. राहू दे म्हटलं.

तक्रार मात्र ऐकण्यासारखी होती. मामानं खडेबाजारातनं आणून दिलेला सेट तीन वर्षं उत्तम चालला. मग एकदा बंद पडला. मामानंच बेळगावात कुठंतरी दुरुस्त करून आणला.

"तवापास्नं बगा, सात-आठ मिण्टं चालतंय आणि नाटक करतंय. चित्र फुटतंय. जरा बंद ठेवला की परत चालू. मामानं चाळीस रुपये दिलते त्या चोराला! परत न्या म्हटलं तर मामा म्हणाला, माझं काम काय तेवढंच हाय काय."

मी झाकण उघडलं आणि त्या चोराचं काम दिसलं. कोपऱ्यात काळ्या टेपचं हे एवढं भजं, त्यात तीन वायरी घुसलेल्या आणि सगळं एका प्लास्टिकच्या खांबाला धाग्यानं बांधलेलं. वायरीचे जोड झाकले असणार असं मी धरून चाललो. झाकणाला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी होती. शाई फुटून सगळं पुसलेलं, फक्त शेवटचं '९९' राहिलेलं.

"ह्याला सोल्डरिंग गन हातात दिली कुणी?" मी म्हटलं. गिऱ्हाईक खूश झालं. आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालणं हे आमच्या धंद्यात निम्मं काम; डॉक्टर, गवंडी आणि शिंपी पण तेच करतात. मी अजून दोन-तीन वाक्यं टाकली. मुलगी हसली.

बाकी बोर्ड बघून मात्र मी सुखावलो. शेवटी शेवटी जे सेट आले त्यांत सगळं एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली गाडलेलं असतं. ठिपका गेला की सेट गेला, मी ते हातातही धरत नाही. ह्याच्यात वेगवेगळ्या आयसी होत्या: यूए ६५२७पी हा मेंदू, शेजारी चित्र काढणारी दुसरी तेवढीच मोठी, आणि २४ पायांच्या दोन ६११६, म्हणजे दोन-दोन किलोबाइटची रॅम. आख्खा मारिओ पळतो तो एवढ्या जागेत.

आधी कॅसेटचा खाचा. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटीत फुंकर मारलीय. त्यानं तोंडाची वाफ पिनांवर बसते आणि गंज वाढतो, एवढंच. कॅसेट चालते ती काढून परत घातल्यामुळं. मी कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासल्या, खाच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला ब्रश फिरवला, काळा मळ निघाला. मग मीटर. आयसीच्या पायावर ५.०२ व्होल्ट. चोख. पॉवर सप्लाय ठीक, असं मी तोंडानं म्हटलंसुद्धा. त्यांचाच जुना अडॅप्टर लावून माझ्या पेटी-टीव्हीवर चालू केला आणि मारिओ उभा राहिला. मुलीला पहिलाच खड्डा ओलांडता येईना.

सात मिनिटं झाली असतील. मारिओ जिथल्या तिथं नीट, पण मागचे डोंगर, विटा, ढग यांच्या जागी आकडे आणि चिंध्या. मी लगेच मास्तरकी सुरू केली. या सेटमध्ये हलणारी चित्रं, म्हणजे मारिओ आणि त्याचे शत्रू, कुठं उभे आहेत याची यादी चित्राच्या आयसीच्या पोटातच असते. मागच्या देखाव्याची मांडणी मात्र बाहेरच्या ६११६ मध्ये. माणूस शाबूत आणि देखावा फुटला तर दोष त्या रॅमचा. तापली की बिघडते, झालं. पुस्तकात छापावं असं निदान!

रॅम काढायला तास गेला. असल्या स्वस्त बोर्डावर घाई केली की तांब्याची रेघ सालीसारखी उचलून येते. म्हणून प्रत्येक पायावर आधी थोडं नवीन सोल्डर घालायचं, जुनं त्यात विरघळलं की मग पंपानं ओढायचं, आणि दर चार पायांनंतर थांबून बोर्ड गार होऊ द्यायचा. चोवीस पाय. मध्येच अर्धा तास लाईट गेली. बायकोनं खालून चहा आणि मुलीला कुंदा पाठवला. भंगारातल्या एका बोर्डाची ६११६ होती, ती सॉकेट घालून बसवली. चालू केलं. मारिओ, डोंगर, ढग, सगळं जागेवर.

सात मिनिटांनी चिंध्या.

आता मला बोलायला काही उरलं नव्हतं. मी बोर्डाकडं बघत बसलो. तेवढ्यात तो माणूस नाक वर करून म्हणाला, "ह्यो वास! दादा, ह्योच वास तवाबी यायचा. मामी म्हणायची, पोरानू, रबर जाळू नगासा."

वास टेपचा होता. मी त्या भज्याला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मीटर लावला तर मघाचे ५.०२ आता चारच्याही खाली. गार असताना घेतलेलं माप आणि तापल्यावर घेतलेलं माप यात केवढा फरक असतो, हे मी फाउंड्रीत नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो.

टेप कापायला ब्लेड घेतलं. आधी धागा सोडवायचा होता. लाल सुती धागा, दोन पदरी. गाठ शोधायला भिंग लावावं लागलं, इतकी ती बारीक आणि चपटी. टोकं अगदी मुळाशी कापलेली.

भिंग धरून मी तसाच राहिलो. ती गाठ विणकराची होती. मागावर उभा धागा तुटला की असा जोडतात. गाठ फणीतनं अडकल्याशिवाय गेली पाहिजे, नाहीतर परत तुटते. डाव्या हाताच्या दोन बोटांत टोकं आडवी धरायची, अंगठ्यावरनं फास फिरवायचा. सातवीत असताना वडिलांनी दोन दिवस बसवून शिकवली होती. शहापूर-वडगावात ती शेकडो लोकांना येते. पण त्यांतले टीव्हीच्या दुकानात कामाला कितीजण होते? आणि ९९ साली?

टेप सुटली. आत ७८०५, म्हणजे अडॅप्टरचे व्होल्ट पाचवर आणणारा तीन पायांचा रेग्युलेटर, तिन्ही पायांना वायरी जोडून अधांतरी लटकवलेला. ना उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, ना स्क्रू.

दहावीच्या सुट्टीत मी एका टीव्ही दुकानात उमेदवारी करत होतो. १९९९ चा मे. १४ तारखेला इंग्लंडात वर्ल्ड कप सुरू झालेला आणि गावातला प्रत्येक बिघडलेला टीव्ही दुकानाच्या फळीवर. सचिनची बॅटिंग चुकली असती तर लोकांनी दुकान पेटवलं असतं. मालक जेवायलासुद्धा घरी जात नव्हते. टीव्ही गेम कुणी आणला की ते न बघता म्हणायचे, "ते पोराकडं दे." तो पोर मी.

हा एकच सेट मला आठवतो असं सांगितलं तर खोटं होईल. पण काय झालं असणार हे त्या बोर्डावर लिहिलेलं होतं. साठ वॉटच्या गननं जुना ७८०५ काढताना तिन्ही ठिकाणची रेघ जळून उचललेली, म्हणून वायरी. वायरींमुळं पट्टीपर्यंत पोचेना. म्हणून पट्टीच गायब. या सेटांत नुसतं वजन वाढवायला लोखंडी पत्रा टाकलेला असायचा, त्यातलाच हा अल्युमिनियमचा तुकडा असं मला वाटलं असणार. शॉक बसू नये म्हणून टेप, खुळखुळू नये म्हणून घरच्या सुतानं बांधला. पाच मिनिटं मारिओ खेळून बघितला. चालला. पंधराव्या वर्षी ते काम मला फारच देखणं वाटलं असेल.

हिशोब साधा आहे. अडॅप्टरवर ९ व्होल्ट छापलेलं असलं तरी हे साधे ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर पूर्ण लोड नसेल तर अकरासुद्धा देतात. ७८०५ त्यातले पाच पुढं सोडतो आणि वरचे सहा उष्णता करून उधळतो. सेट तीनशे-चारशे मिलिअँपिअर ओढत असला तर झाले दोन वॉट. ऐकायला काहीच नाही. पण पट्टी नसली तर दर वॉटमागं तो साठ-पासष्ट अंश तापतो, आणि दीडशेच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला हात आखडता घेतो. त्यावर मी टेपची गोधडी पांघरलेली. व्होल्ट पडले की आधी रॅम दम सोडते, म्हणून डोंगर फुटायचे आणि मारिओ टिकायचा. नवीन रॅमनं तरी काय करावं? जुनी रॅम धडधाकट होती.

नवा ७८०५, जुन्या ॲम्प्लिफायरची पट्टी, मधे पांढरी पेस्ट, बोर्डाच्या कडेला घट्ट स्क्रू. वीस मिनिटांचं काम. टेप नाही. मग सेट तासभर चालू ठेवला.

त्या तासात मुलीला बंदूक दिली. ही बंदूक घरच्या सपाट टीव्हीवर का चालत नाही असं तिनं विचारलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारं एक बारकं भिंग-डोळं असतं, त्याला त्याच क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडलं. पेटी-टीव्ही चित्र आलं तसं लगेच काढतो. सपाट टीव्ही ते आधी साठवतो, सजवतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीनं बघून झालेलं असतं. तिनं पडद्याला नळी टेकवून पहिल्या डावात दहापैकी नऊ बदकं पाडली. टेकवायचं नसतं, असं मी काही बोललो नाही. आम्ही पण टेकवतच होतो.

बाप गप्प बसून बघत होता. मग म्हणाला, "त्या चोरानं एवढं एक स्क्रू मारलं असतं तर वो? माझं आख्खं शाळेचं वय गेलं सात-सात मिण्टं खेळण्यात. काँट्राचं तिसरं स्टेज मी कधी बगितलंच न्हाई."

मी वहीच्या पानावर बिल लिहिलं. ७८०५ आणि पट्टी पन्नास, मजुरी अडीचशे. रॅमचं काही लावलं नाही, ती माझी हौस. खाली लिहिलं: वजा चाळीस. त्याच्या हातात दिलं.

त्यानं दोनदा वाचलं. "हे चाळीस कशाचे?"

लाल धाग्याचा तुकडा टेबलावरच होता. तो उचलून मी त्याच्यासमोर परत तशीच गाठ मारून दाखवली. चार सेकंद लागले. त्यानं गाठ बघितली, सेटमधनं काढलेली बघितली, मग माझ्याकडं. मघाशी आम्ही दोघांनी मिळून त्या चोराला काय काय म्हटलं होतं ते त्याच्या तोंडावर दिसायला लागलं.

"व्हय?" एवढंच म्हणाला, आणि जो हसत सुटला तो बायको खालनं काय झालं म्हणून विचारेपर्यंत.

डोळे पुसत त्यानं बिल माझ्यापुढं सरकवलं. "आणि व्याज? सव्वीस वर्सांचं?"

घासाघीस झाली. शेवटी व्याजापोटी मुलीनं माझ्या डब्यातली काँट्राची कॅसेट निवडली. पाऊस थांबला नव्हता. टॉवेलात सेट, प्लास्टिकात टॉवेल. जिन्यावरनं उतरताना तो तिला सांगत होता की तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे म्हणे, वर चढत जायचं असतं.