तुम्ही विचारलंत म्हणून: पखवाज आणि दहावी

चतुर्थीला मुंबईहून आलेला प्रत्येक काका मला हेच विचारतो. रात्र रात्र भजनात पखवाज वाजवतोस, मग दहावीला 91 टक्के पडले कसे? यंदा लिहूनच टाकतो.

आधी हे सांगतो की आमच्याकडे पास होण्याचं कौतुक नसतं. 2025 ला कोकण विभागाचा दहावीचा निकाल 98.82 टक्के, राज्यात पहिला. इथे नापास व्हायलाच कर्तबगारी लागते.

आणि दोन्ही सांभाळलं, हे खरं नाही. 2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. त्यानंतर अकरा दिवस मी पुस्तक उघडलं नाही. वाडीतल्या घराघरात भजन, घराघरात काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याला, ओली कणीक थापायची, पण भाद्रपदातल्या दमट हवेत उजव्या बाजूचा सूर उतरतो, म्हणून प्रत्येक अंगणात वाद्या ताणणारे लाकडी गट्टे हातोडीने ठोकत बसायचं. तोवर कणीक सुकू लागलेली असते. पहाटे तीनला घरी आलो की आजी दारातच: "झिला, मिरदंग काय तुझो पेपर लिवतलो?"

लिहिला नाहीच. सहामाहीत गणित भाग दोनला 40 पैकी 19. वर्गशिक्षकांनी बाबांना बोलावून घेतलं. पखवाज बंद करा, म्हणाले. बाबा हो म्हणून आले आणि घरी काहीच बोलले नाहीत.

मग मी कबड्डी सोडली. हे कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. आमचा संघ तालुक्याला गेला तेव्हा मी घरी भूमितीची प्रमेयं लिहीत होतो, आणि माझी जर्सी चुलत भावाच्या अंगात होती. अजून टोचतं ते.

पखवाजाचा रियाज एसटीत व्हायचा. चौतालाच्या 12 मात्रा, मांडीवर. एकदा ठेका चुकून शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यावर पडला. त्यांनी वर न बघता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवली. जुने भजनी निघाले.

21 फेब्रुवारीला मराठीचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी आंगणेवाडीची जत्रा. देवी तारखेचा कौल देते तो काही बोर्डाला विचारून नाही. पुढचा पेपर लगेच नव्हता, म्हणून गेलो. रांगेत उभा राहिलो, भराडीदेवीचं दर्शन घेतलं, खाजं घेतलं, परत येऊन झोपलो.

पखवाज मात्र डिसेंबरपासून खुंटीला होता. शेवटचा पेपर देऊन आलो आणि गवसणी काढली, तर डावी पुडी उंदराने कुरतडलेली. शेवटच्या भजनानंतर कणीक खरवडायची राहिली होती. नवी पुडी चढवायला मे उजाडला, तोही काजूच्या बिया गोळा करून विकल्यावर.