मळीच्या टाकीचा रंग आणखी किती वर्षे?

गाळप हंगाम संपताच धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याने मळीच्या पोलादी टाकीचा बाहेरचा रंग तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले. रंग पूर्ण खरवडून नव्याने द्यायचा, की अजून काही वर्षे निभावेल, एवढेच संचालकांना हवे होते.

सगळ्यांना धास्ती होती ती पश्चिमेकडच्या बाजूची, कारण तिथला रंग उन्हाने पांढुरका पडला होता आणि हात फिरवला की तळव्याला भुकटी लागत होती. ही भुकटी अतिनील किरणांनी वरच्या थरातील राळ झिजल्याची खूण असते. तेवढ्यावरून खालचा थर गेला असे ठरत नाही. मूळ जाडीची नोंद दप्तरात सापडेना, म्हणून नामपट्टी उतरवून तिच्याखालचा, कधी ऊन न पाहिलेला रंग मोजला. तो 240 मायक्रॉन भरला आणि उघड्यावरचा 215. रंगकाम नऊ वर्षांपूर्वीचे, म्हणजे झीज वर्षाला तीनेक मायक्रॉन; वरचा थर 60 मायक्रॉनचा होता. उरलेल्या 35 मायक्रॉनच्या हिशेबाने बाराएक वर्षे निघत होती, तरी मी अहवालात पाचच लिहिली, कारण झीज सगळीकडे सारखी होत नाही.

स्प्रे पॉन्डकडची, म्हणजे गरम पाणी फवारून थंड करण्याच्या तळ्याकडची, बाजू मात्र चकचकीत होती आणि तिथेच खरे दुखणे होते. कड्यांवर साचलेला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा तुषारांनी कायम ओला राहत असे. एक फुगा चाकूने फोडला, तर आतून पाणी आले आणि पापुद्रा नखाने सुटत गेला. ओढ चाचणीत रंगावर डॉली, म्हणजे धातूची छोटी गोटी, चिकटवून ती ओढून काढतात; पश्चिमेची डॉली रंगाच्या थरातच तुटली. इथली थेट पत्र्यापासून, प्रायमरसकट निघाली. चिकटपणाच संपलेल्या रंगावर नवा हात मारणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

गंजाचे प्रमाण आयएसओ 4628 या रंगाच्या बिघाडाच्या आंतरराष्ट्रीय मानकातील चित्रांशी ताडले, तेव्हा हा पट्टा आरआय 3 या पायरीत, म्हणजे सुमारे एक टक्का गंजलेला, निघाला. त्यापुढची पायरी थेट आठ टक्क्यांची असल्याने गंजाला झिजेसारखे सरळ गणित लावता येत नाही, हे संचालकांना समजावण्यातच बैठकीचा बराच वेळ गेला.

अखेर पॉन्डकडचा पट्टा ब्लास्टिंग करून, म्हणजे कणांच्या जोरदार माऱ्याने जुना रंग व गंज काढून, मुळापासून रंगवायचा, पश्चिमेची बाजू धुऊन वरचा एकच हात द्यायचा आणि दर हंगामानंतर फुगे तपासायचे, असे ठरले. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, ही अट मी आग्रहाने घालून घेतली, कारण काम पावसाळ्याच्या तोंडावर चालणार होते.