चौकोन पांढरा, तरी लस बाद

जानेवारीतला मंगळवार, लष्कर भागातल्या एका वस्तीतलं लसीकरण सत्र. ग्वाल्हेरची थंडी अशी की बोटं वळत नव्हती. व्हॅक्सिन कॅरिअर (लस थंड नेण्याचा डबा) उघडला तर पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) कुप्या आइसपॅकला चिकटलेल्या. पॅकवर बर्फाचा पांढरा थर; हलवला तर आतून पाण्याचा आवाज नाही. म्हणजे डीप फ्रीझरमधून काढून थेट भरलेला.

"सर, व्हीव्हीएम बघा ना, आतला चौकोन पांढराशुभ्र आहे," एएनएम (आरोग्यसेविका) ताई म्हणाल्या.

होता. पण व्हीव्हीएम म्हणजे कुपीवरची खूण; उष्णतेनं तिचा आतला चौकोन गडद होतो. तो उष्णता दाखवतो, गोठणं त्याला कळतच नाही. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोकोकल) या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याची जाळी मोडते, कणांच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद घटते. वितळली की कुपी पुन्हा तशीच दुधट. बाळाला टोचली जाते, कार्डावर तारीख पडते, पण घटसर्प-डांग्या खोकल्यापासून बाळाला पुरतं संरक्षण मिळत नाही. उन्हानं बिघडलेली लस निदान खूण दाखवते. मला धास्ती गोठलेल्या लसीचीच जास्त.

दोन कुप्यांत बर्फाचे खडे दिसत होते, त्या तिथेच बाद. बाकीच्या संशयित म्हणून बाजूला. एफआयपीव्हीला (पोलिओची टोचायची लस) शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून गोठणं ओळखायची चाचणी, लागूच नाही, तीही बाद. एमआर (गोवर-रुबेला) पावडर आणि पोलिओच्या थेंबांना गोठण्यानं धक्का लागत नाही, ते चालू ठेवले. फक्त डायल्युएंटच्या (पावडर विरघळवायच्या द्रवाच्या) ॲम्प्यूलला तडा नाही ना, हे एकेक पाहिलं.

"अहो डॉक्टर, एवढ्या थंडीत दहा आठवड्यांचं लेकरू आणलंय," एक आजी म्हणाल्या.

"आजी, थेंब आत्ता देतो. सुईसाठी थांबा, चांगली लस मागवलीय."

नवा कॅरिअर यायला पावणेदोन तास लागले. तोवर तीन आया निघून गेल्या होत्या. ड्यू-लिस्टमध्ये (लस बाकी असलेल्या बाळांच्या यादीत) त्यांच्या नावापुढे खूण केली.

शेक टेस्टसाठी त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी 'गोठवलेली' अशी चिठ्ठी लावून रात्रभर उणे 20 अंशांवर ठेवली. संशयित कुप्या आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रिजमध्ये), 2 ते 8 अंशांत. सकाळी गोठवलेली कुपी आपोआप वितळू दिली. ऊब देऊन घाई करायची नाही. मग ती आणि एक संशयित कुपी, दोन्ही एकाच हातात धरून 10-15 सेकंद हलवल्या आणि शेजारी-शेजारी टेबलावर ठेवल्या. संशयित कुपीचा साका गोठवलेलीपेक्षा सावकाश बसला तर ती चांगली. तितक्याच वेगानं किंवा आधी बसला तर खराब. अर्ध्या तासाच्या आत दोन्हींत वर नितळ पाणी, तळाशी साका. बाकीच्याही तशाच निघाल्या. हा नुसता नजरेचा अंदाज नव्हे: 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये 475 कुप्यांवरची पडताळणी छापली गेली, तीत ही चाचणी एकदाही चुकली नाही.

चूक आळसाची नव्हती. उन्हाळ्यात आइसपॅक लवकर सुटतात, आतलं पाणी खळखळू लागतं. जानेवारीत तेवढ्या वेळात ते दगडच राहतात. आता हिवाळ्यात पॅक तासभर आधीच टेबलावर मांडतात, आणि कानाशी हलवून आवाज आल्याशिवाय कॅरिअरमध्ये एकही जात नाही.

त्या तिघांपैकी दोन बाळांना शुक्रवारी लस मिळाली. तिसरं आईबरोबर डबऱ्याला आजोळी गेलं होतं. तिथल्या आशाताईंना फोन करून तारीख कळवली.